मशाल किती वेळ जळते?

(द्वितीय वर्ष, कला)

लढाईचे वर्णन सर्वांनाच आवडते. पण लढाईच्या ठिकाणी पोचेपर्यंतचा वेळ कसा मोजावयाचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. कथाकार 'तीन दिवसांनी ते गडाशी पोचले' असे लिहून मोकळा होतो. परंतु जेथे कथा पाचसहा जण मिळून घडवीत असतात, तेथे हा प्रश्न टाळता येत नाही. अशाच एका खेळाविषयी येथे लिहीत आहे.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. लहान लहान सैनिक मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून तो जन्मला. त्यात एकजण संचालक असतो. भुयारांचा नकाशा त्याच्यापाशी असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. 'मी दार उघडतो' असे खेळाडूने सांगावयाचे, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकावयाचा.

लढाईत वेळ मोजणे सोपे असते, कारण प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. लढाई नसताना काय? १९८१ साली टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या प्राथमिक नियमपुस्तिकेत याचे उत्तर फार नेटके दिले आहे. लढाईतील एक फेरी १० सेकंदांची. भुयारातील शोधाचे माप मात्र १० मिनिटांचे. त्याला 'टर्न' म्हणतात. ओझे नसलेले पात्र एका टर्नमध्ये १२० फूट जाते, धातूचे चिलखत घातलेले ६० फूट. हा वेग कोणाला हास्यास्पद वाटेल. पण ही मंडळी अंधारात, पाऊल न वाजवता, नकाशा काढीत चाललेली असतात, हे लक्षात घेतले पाहिजे. दर सहा टर्नमध्ये एक विश्रांतीसाठी जातो. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नना संचालक फासा टाकतो. एक पडला की भटके संकट समोर येते.

पूर्वी लग्नमुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यात ठेवीत. पात्र बुडाले की घटका भरली. येथे ते काम मशाल करते.

आता एक प्रसंग कल्पू. टोळीतील योद्धा चिलखत घालून आहे. हातात शेवटची मशाल असून ती तीन टर्न पुरेल. बाहेरचे दार १२० फुटांवर, म्हणजे टोळीला दोन टर्न लागणार. हाती उरला एक टर्न. समोरच्या भिंतीत चोरदार असावे अशी शंका आहे. शोध घेण्यास एक टर्न लागतो, आणि दार असले तरी ते सापडण्याची शक्यता बहुतेकांना सहांत एक. शोधावे की निघावे? येथे एकही तलवार उपसलेली नाही, तरी सर्वांचा श्वास रोखला जातो. मशालीचा हिशेब काढून टाका; मग 'शोधतो' म्हणावयास काहीच पडत नाही, आणि ज्याला काही पडत नाही तो निर्णयच नव्हे.

यात न्यायाचाही भाग आहे. हिशेब उघड नसेल, तर संकट केव्हा यावे हे सर्वस्वी संचालकाच्या लहरीवर राहते. खेळाडूने कितीही विचार केला तरी तो वाया. ज्यांच्या घरातून यापूर्वी कोणी कॉलेजात आलेले नाही, अशा माझ्यासारख्यांना हे लवकर पटते. अर्जाची अंतिम तारीख सूचनाफलकावर लिहिलेली असते, म्हणूनच कचेरीत ओळख नसलेल्यालाही ती गाठता येते. लिहिलेला नियम कडक असेल. पण तो सर्वांना सारखा दिसतो.

मात्र प्रत्येक मिनिट मोजणे हाही अतिरेकच. भुयाराबाहेर पडताच माप बदलते. १९८१ च्याच पुढील पुस्तिकेत प्रवास दिवसांत मोजला आहे. ओझे नसलेली टोळी सपाटीवर दिवसाला २४ मैल, जंगलात वा टेकड्यांत १६, डोंगरात वा दलदलीत १२ मैल जाते. आणि सर्वांनी सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या चालीने चालावयाचे. येथे प्रश्न मशालीचा नसून शिधा किती दिवसांचा आहे, हा असतो. जेथे काहीच खर्च होत नाही, धोका नाही, तेथे कथाकाराप्रमाणे 'तीन दिवसांनी पोचलात' म्हणून पुढे जाणेच उत्तम.

पुढील काळात पद्धती बदलल्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत प्रवासाच्या तीन चाली आहेत. जलद चालीने दिवसाला ३० मैल होतात, पण आजूबाजूचे भान कमी राहते. संथ चालीने १८ मैलच होतात, पण लपूनछपून जाता येते. जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात मिनिटेही नाहीत. कागदावर वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग पाडतात आणि धोका जवळ येईल तसे ते भरीत जातात. माप बदलले, तत्त्व तेच: काय संपत चालले आहे ते खेळणाऱ्याला दिसले पाहिजे.

कोणास हा खेळ मांडून पाहावयाचा असल्यास कागदाच्या कडेला चौकटींची एक ओळ आखावी, दर दहा मिनिटांना एक चौकट खोडावी, आणि तो कागद सर्वांना दिसेल असा मध्यभागी ठेवावा.