चीनला जाताय? शिजियाझुआंगला उतरा

२०२५च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-ग्वांगझोऊ विमान सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीहून शांघायचीही सोय झाली. २०२० पासून बंद असलेली थेट वाट अशी खुली झाली. आणि चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा ९ डिसेंबरला स्मृतिदिन असतो. या दोन गोष्टींचा एकत्र विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या आयटीनगरी हिंजवडीला शांघाय नवं नाही. इथल्या काही कंपन्यांची तिकडे कार्यालयं आहेत, ऑनसाइटच्या निमित्ताने कित्येक जण राहून आलेत. आता बेत सहकुटुंब जायचे. भिंत, राजवाडा, चहा यांच्या जोडीला सहलीत ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ही असतं, आणि दिवसभर खुर्चीत बसून मान-पाठ धरलेल्या माणसाला त्याची भुरळ पडणारच.

ते जरूर पाहावं, पण योग्य ठिकाणी. शांघायहून बुलेट ट्रेनने तासाभरावर हांगझोऊ आहे. तिथे १८७४ साली हू शुएयान या व्यापाऱ्याने काढलेलं हू छिंग यू थांग हे औषधालय आजही चालू आहे, शेजारी संग्रहालयही आहे. आपल्या काष्ठौषधींच्या जुन्या दुकानासारखीच भिंतभर लाकडी खणांची मांडणी. वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो. मग चिठ्ठीबरहुकूम मुळ्या, साली, फुलं तोलून एकेका काढ्याची पुडी बांधली जाते. ‘फसवू नका’ असं बजावणारी पाटी तिथे आहे. तिचं तोंड गिऱ्हाइकाकडे नाही, आत काम करणाऱ्यांकडे आहे. मला ती फार आवडते.

कारण पर्यटकांना नेमकं फसवलं जातं. फुकट नाडीपरीक्षा, गंभीर चेहरा आणि मग महागडी पाकिटं, हा प्रकार जुनाच. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. १९९०च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. दोष ॲरिस्टोलोकिक आम्लाचा निघाला. दुसरीकडे, तू योयो यांनी जुन्या ग्रंथातल्या एका नोंदीवरून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५चं नोबेल मिळवलं. वारसा डोळे भरून पाहावा. औषध मात्र चाचणीला उतरलेलंच घ्यावं.

आता कोटणीस. काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस शस्त्रक्रिया करणारे. ॲक्युपंक्चरच्या सुया टोचणं हे त्यांचं काम नव्हतं. जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता ते चिनी बोलायला-लिहायला शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलगा काही महिन्यांचा असताना, १९४२ मध्ये, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघं ३२.

याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये ही विद्या त्यांनी कोलकात्यात आणली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. या प्रवासाची सुरुवात युद्धातल्या त्या सेवेतून झाली, हे किती जणांना ठाऊक असतं?

बीजिंगहून शिजियाझुआंगला जलद गाडीने सव्वा-दीड तास लागतो. तिथल्या हुतात्मा उद्यानात कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याबरोबर कोटणीसांचीही समाधी आहे, पुतळा आहे. एप्रिलमधल्या छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, लोक तिथे फुलं वाहतात. ठरावीक सहलींत हे गाव सहसा नसतं. मागून घ्यावं लागेल.

व्हिसा हाती येईपर्यंत एखादा रविवार सोलापूरसाठीही काढता येईल. तिथे कोटणीसांच्या घराचं आता स्मारक झालंय. मुलांना आधी ते दाखवलंत, तर शिजियाझुआंगला एक दिवस का मोडायचा, हे त्यांना वेगळं समजावावं लागणार नाही.