गोडाचा हिशेब (लेखांक ७) : पाऊस कर्जतला, पाणी मोहन्याला

गेल्या आठवड्यात आपण एचबीए१सी पाहिली. ही रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, आणि सरासरी फसवी. ७ टक्के म्हणजे साधारण १५४ मिलिग्रॅम. हा आकडा दिवसभर दीडशेच्या आसपास राहणाऱ्यालाही मिळतो आणि ६० ते २८० असे हेलकावे खाणाऱ्यालाही. हे हेलकावे दिसतात ते दंडावरच्या सेन्सरमुळे.

आमच्या शेजारच्या काकांनी तो बसवला. काका मूळचे उल्हास नदीकाठच्या मोहन्यातल्या एनआरसी कंपनीतले. २००९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा तिची कॉलनी सुटली, मोहने सुटलं नाही. आता सत्तरी ओलांडलीय, इन्सुलिन चालू आहे. दंडाच्या मागे दहाच्या नाण्याहून जरा मोठी पांढरी चकती आणि तिच्याखाली, कातडीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर, केसासारखी तार. तारेवरच्या विकराची ग्लुकोजशी गाठ पडली की बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. त्यावरून साखर कळते.

पहिल्याच दिवशी काका वैतागले. जेवणानंतर बोट टोचलं तर १६८, मोबाइलवर १४१. "आता खरं कुणाचं मानू, सांग!"

खरं दोघांचंही. तार रक्तात नसतेच, पेशींभोवतीच्या द्रवात असते. साखर आधी रक्तात चढते, मग तिथे झिरपते. पाच-पंधरा मिनिटं जातात. उल्हासकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पाऊस कर्जत-बदलापूरकडे कोसळतो, मोहन्याच्या बंधाऱ्यावर पाणी नंतर चढतं. म्हणून मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा, साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण बघावा. ९५ आणि बाण आडवा असेल तर खुशाल बसा. ९५ आणि बाण खाली, त्यात नुकतंच इन्सुलिन घेतलेलं, तर घराबाहेर पडू नका.

चौथ्या रात्री मोबाइल कोकलला : ५८! काकूंनी झोपेतच साखरपाणी कालवलं. बोट टोचलं तर ११२. काका चकतीच्याच बाजूच्या कुशीवर झोपले होते. दाबाने तिथला द्रव हटतो आणि आकडा खोटाच घसरतो. आकडा आणि अंग यांचं जुळत नसेल तर बोट टोचावं. मात्र घाम फुटलाय, हात थरथरताहेत, अशा वेळी पडताळत बसू नका. आधी तीन चमचे साखर पोटात जाऊ द्या.

२०१९ च्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार दिवसाचा ७० टक्के वेळ साखर ७० ते १८० मध्ये असावी. काकांच्या वयाला ५० टक्केही चालतं. पण ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला पाव तासही नाही. म्हातारपणी चढलेल्या साखरेपेक्षा रात्री घसरलेली जास्त धोक्याची.

एक चकती चौदा दिवस चालते आणि काही हजारांना पडते. पेन्शनीवर दर पंधरवड्याला कुठून आणणार? माझं मत विचाराल तर इन्सुलिनवाल्यांनी, त्यातही ज्यांना साखर उतरलेली जाणवत नाही त्यांनी, पोटाला चिमटा घेऊनही ती लावावी. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांना डॉक्टरांची भेट ठरली की त्याआधी एखादी पुरते, शेजारी खाण्याची वही ठेवून.

काकांची वहीच कामाला आली. वर्षभर ते आंब्याच्या नावाने खडे फोडत होते. आलेखात चोर निघाला सकाळचा चहा आणि खारी. रोज साडेआठला डोंगर. भाताचा तेवढा नाही, कारण जेवून काका नदीपर्यंत फेरी मारतात.

चौदाव्या दिवशी चकती खोबरेल लावून काढली. दंडावर गोल पांढुरका ठसा राहिला. खारीचा डबा काकूंनी आदल्या दिवशीच आमच्याकडे पाठवला होता.