डब्याआधी सोनोग्राफी

घोडी फळवल्यावर तिच्या गर्भाशयाला सूज येते, आणि ती यायलाच हवी. घोडीत वीर्य थेट गर्भाशयात पडतं, सोबत जंतू आणि मळही जातो. तो बाहेर काढायला पांढऱ्या पेशी अर्ध्या तासात धावून येतात. धडधाकट घोडीची पिशवी एक-दोन दिवसांत साफ होते. गर्भ बीजवाहिनीतून खाली उतरतो सहाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर सूज ओसरली नाही, तर त्याला तिथे थारा मिळत नाही.

अडचण येते ती वयस्कर घोड्यांची. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर मी अशी एक घोडी पाहिली. बऱ्याच वेतांनी पिशवी पोटात खाली ओघळलेली, त्यामुळे साचलेलं वर चढून बाहेर पडत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळा डाग दिसला. "पाणी आहे. मामा, शेपूट धरा," डॉक्टर म्हणाले. मग नळीतून कोमट सलाईन आत सोडलं आणि सलाईनची पिशवी खाली धरून ते परत घेतलं. पहिलं पाणी ताकासारखं गढूळ आलं. निवळ येईपर्यंत धुणं चाललं. शेवटी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, आणि सईसमामा तिला फिरवायला घेऊन गेले. चालण्यानेही पिशवी रिकामी व्हायला मदत होते.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाच्या शिंगराची नोंदणीच होत नाही. प्रत्येक वेळी घोडाच लावावा लागतो, आणि प्रत्येक वेळी ही सूज नव्याने येते. म्हणूनच मालकांचं लक्ष पूरक आहाराच्या डब्यांकडे वळतं.

त्यात सर्वाधिक बोलबाला ओमेगा-३ चा. आपल्याकडे घोड्याला उकडलेलं जवस घालण्याची जुनी पद्धत आहे. त्यात ओमेगा-३ आहे खरं, पण सूज आटोक्यात ठेवण्यासाठी ज्याच्यावर भिस्त ठेवतात ते डीएचए नावाचं ओमेगा-३ घोड्याचं शरीर जवसापासून फारच थोडं बनवतं. ते मिळतं माशाच्या तेलातून किंवा शेवाळाच्या भुकटीतून. काही छोट्या प्रयोगांत सूज कमी झाल्याच्या खुणा दिसल्या आहेत. गाभण राहण्याची खात्री मात्र त्यातून कुणी देऊ शकत नाही. शिवाय ही चरबी पेशींच्या आवरणात मुरायला आठवडे लागतात. घोडा लावल्यावर डबा उघडून त्या वेळच्या सुजेवर काही उपयोग होत नाही.

ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असतं, वाळल्या गवतात फार कमी उरतं. लसूणघास बारमाही मिळणाऱ्या घोडीला वेगळी मात्रा लागेलच असं नाही. सेलेनियमबाबत मात्र हात आखडताच हवा. गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं, आणि दोन-तीन डबे एकदम चालू असले तर मात्रा नकळत दुप्पट होते.

डबा घ्यायचाच असेल, तर हंगामाच्या दोन महिने आधी, डॉक्टरांना आधीची लेबलं दाखवून घ्या. आणि घोडा लावल्याच्या दुसऱ्या दिवशीची सोनोग्राफी कोणत्याही डब्यासाठी टाळू नका.