यकृताचें औषध आणि डोळ्यांची चिंता

औषध घेतलें कीं रोग जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कांहीं औषधें रोगाचें मूळ काढीत नाहींत. तीं केवळ त्याची वाट अडवितात. टायरोसिनीमिया या दुर्मिळ आनुवंशिक रोगावरील नायटिसिनोन हें औषध अशांपैकींच आहे. तें मुलाचें यकृत वांचवितें, परंतु त्याचा भार कधीं कधीं डोळ्यांवर येतो. असें कां होतें हें घरांतील माणसांना नीट समजलें असेल, तर यकृत आणि डोळे दोन्ही सांभाळतां येतात. समजलें नसेल, तर घाबरून नको तीच गोष्ट बंद केली जाण्याचें भय असतें.

दूध, डाळी, अंडीं, मासे यांतील प्रथिनें पचलीं कीं त्यांचीं अमिनो आम्लें रक्तांत येतात. टायरोसीन हें त्यांतलेंच एक. शरीराला जरूर तेवढें वापरून झाल्यावर उरलेलें टायरोसीन पायरीपायरीनें मोडलें जातें, आणि प्रत्येक पायरीवर एक निराळें एन्झाइम काम करीत असतें. पहिल्या प्रकारच्या टायरोसिनीमियांत शेवटच्या पायरीवरचें एन्झाइम जन्मतःच निकामी असतें. तेथें तुंबलेल्या द्रव्यांपासून विषारी पदार्थ बनतात आणि ते यकृत व मूत्रपिंडें यांचा नाश करूं लागतात. पूर्वीं अशीं कित्येक बालकें तान्हेपणींच दगावत; जीं जगत त्यांना पुढें यकृताच्या कर्करोगाचें भय असे. जगांत लाखभर मुलांमागें एखाद्यालाच हा रोग होतो. परंतु कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतील सागने आणि लाक-सें-जां या भागांत त्याचें प्रमाण सुमारें १,८५० मुलांमागें एक इतकें आढळलें आहे.

या रोगावरील औषधाचा जन्म मात्र रुग्णालयांत झाला नाहीं. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांत एका रासायनिक कंपनीच्या शास्त्रज्ञाच्या असें ध्यानांत आलें कीं बॉटलब्रशच्या झाडाखालीं तण फारसें उगवत नाहीं. बाटली धुण्याच्या ब्रशासारखीं लाल फुलें येणारें हें झाड आपल्याकडील बागांतूनहि दिसतें. त्यांतील तणनाशक द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेंत नवीं द्रव्यें बनविण्यांत आलीं. नायटिसिनोन हें त्यांपैकीं एक. तें उंदरांना देऊन पाहतां त्यांचे डोळे धूसर झाले आणि रक्तांत टायरोसीन सांचलेलें आढळलें. हें द्रव्य टायरोसीन मोडण्याची एक आरंभींची पायरी बंद करतें, असा उलगडा त्यावरून झाला. म्हणजे डोळ्यांतील दोषानेंच या द्रव्याचा गुण उघडकीस आणला!

वरची पायरी बंद केली, तर खालीं विष तयारच होणार नाहीं, हा विचार स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील स्वेन लिंडस्टेट आणि त्यांचे सहकारी यांनीं प्रत्यक्षांत आणला. १९९१ सालीं पहिल्या रुग्णास हें औषध देण्यांत आलें, आणि १९९२ सालीं पांच रुग्णांची हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अमेरिकेंत २००२ सालीं आणि युरोपांत २००५ सालीं औषधास मान्यता मिळाली. ज्या बालकांची आशा सोडावी लागे, तीं आतां शाळेंत जाऊं लागलीं.

परंतु वरचें दार लावल्यावर टायरोसीन दाराबाहेर सांचणारच. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवांत तें साधारणतः शंभर मायक्रोमोलांच्या आंतबाहेर असतें. औषध घेणाऱ्यांत आहार न सांभाळल्यास तें त्याच्या कितीतरी पट होतें. बुबुळावर जें कांचेसारखें पारदर्शक आवरण असतें, त्याला पारपटल म्हणतात. वाढलेल्या टायरोसीनचे सूक्ष्म स्फटिक या पारपटलाच्या वरच्या थरांत जमतात आणि तेथील पेशींना इजा करतात. मग डोळे लाल होतात, पाणी गळतें, आंत कण गेल्यासारखें खुपतें, आणि उजेड मुळींच सहन होत नाहीं.

दिसावयास हें साधें डोळे येण्यासारखें असतें, आणि येथेंच फसगत होते. तपासणींत पारपटलावर दिसणाऱ्या शाखायुक्त खुणा हर्पीज विषाणूच्या व्रणासारख्या भासतात, आणि त्या विषाणूचीं औषधें सुरू होतात. त्यांचा अर्थातच गुण येत नाहीं. हर्पीज बहुधा एकाच डोळ्याला होतो; टायरोसीनचा त्रास बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जातांना मूल नायटिसिनोन घेत आहे, हें पहिल्या वाक्यांतच सांगावें.

यावरील खरा उपाय डोळ्यांत घालावयाच्या थेंबांत नसून ताटांत आहे. टायरोसीन आणि ज्यापासून शरीर तें बनवितें तें फेनिलॲलनीन, हीं दोन्ही आम्लें आहारांतून मोजून द्यावीं लागतात. दूध, पनीर, डाळी, अंडीं, मांस, मासे यांवर कडक मर्यादा येते; वाढीसाठीं लागणारीं प्रथिनें, हीं दोन आम्लें वगळून बनविलेल्या खास भुकटीच्या रूपानें दिलीं जातात. ज्या घरांत दूधभात हेंच पोषण समजतात, तेथें आईला हें फार कठीण वाटतें. वाटीभर वरण एका दिवशीं दिल्यानें काय बिघडणार, असें आजीहि म्हणते. परंतु रक्तांतील टायरोसीन ५०० मायक्रोमोलांच्या वर जाऊं देऊं नये, असा दंडक आहे. आहार आवरल्यावर डोळ्यांचा त्रास बहुधा पूर्णपणें ओसरतो.

डोळे दुखतात म्हणून आईबापांनीं आपल्या विचारानें औषध कमी करणें किंवा थांबविणें ही मात्र घोर चूक होय. तसें केल्यास अडविलेलें विष पुन्हां वाहूं लागतें आणि यकृत धोक्यांत येतें. अल्काप्टोनुरिया या दुसऱ्या रोगांत, ज्यांत सांधे झिजतात आणि मूत्र हवेंत काळें पडतें, प्रौढांना हेंच औषध देण्यास युरोपांत २०२० सालीं मान्यता मिळाली. तेथें डोळ्यांस त्रास झाल्यास डॉक्टर औषध कांहीं काळ थांबवूं शकतात, कारण त्या रोगाची गति मंद असते. टायरोसिनीमियांत ती सवड नसते.

कांहींच्या रक्तांत टायरोसीन पुष्कळ वाढूनहि डोळे स्वच्छ राहतात, तर कांहींना थोड्या वाढीनेंच त्रास होतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीं आणि पुढें वर्षांतून निदान एकदां डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पनें तपासणी करून घ्यावी, आणि रक्ताची तपासणीहि चुकवूं नये. मूल उन्हांत डोळे मिटूं लागलें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें, गेल्या आठवड्यांतील जेवणाचा हिशेब पाहावा, आणि औषधाची ठरलेली मात्रा ठरल्या वेळीं देत राहावें.