परदेशी नातवंडे गावाला येताना

दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत एकच विषय असतो, 'डिसेंबरात लेकरं येणार आहेत.' कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची मुलगी लंडनला, तर कुणाचा पुतण्या दुबईत. नातवंडे तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. आजोबांचे गाव म्हणजे त्यांच्यासाठी परदेशच. मग घराला रंग लागतो, गाद्या उन्हात पडतात, चिवड्या-लाडवांचे डबे भरतात. तब्येतीचा विचार मात्र कुणाच्याच यादीत नसतो. माझ्याही नव्हता, आणि मी तर डॉक्टर आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे थोरले बंधू अमेरिकेत स्थायिक आहेत. त्यांचा मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू जुलैच्या सुटीत आर्वी तालुक्यातील आमच्या मूळ गावी आले. घरोघरी पाहुणचार झाले. नातवाने विहिरीचे पाणी प्यायले, बाजाराच्या दिवशी बर्फाचा गोळा खाल्ला. बारा दिवस मजेत गेले. परतल्यावर आठव्या दिवशी त्याला ताप भरला. तिकडच्या डॉक्टरांना साधा फ्लू वाटला, कारण मूल नुकतेच भारतातून आले आहे हे कुणी सांगितलेच नाही. सहाव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा दादांचा फोन आला. मी विचारले, "दादा, गावाला जाऊन आल्याचं सांगितलं का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग रक्त तपासले. टायफॉइड निघाला.

मुलगा बरा झाला. पण इकडे आई म्हणाली, "माह्या हातचं खाऊनच पोट्टं बिमार पडलं ना रे?" गरम वरणभाताने टायफॉइड होत नाही, हे मी तिला दहादा समजावले. तिला पटले नाही. खरी चूक माझी होती. ती मंडळी निघण्यापूर्वी महिनाभर आधी मी एक फोन केला असता तर एवढे झाले नसते.

आपलेपणाच फसवतो

वाचकहो, आश्चर्य वाटेल, पण परदेशातून नुसते ताजमहाल पाहायला येणाऱ्या पाहुण्यापेक्षा स्वतःच्या गावी येणाऱ्या माणसाला टायफॉइड, हिवताप यांचा धोका जास्त असतो. कारण सरळ आहे. परका पर्यटक लस घेऊन येतो, बाटलीबंद पाणी पितो. आपला माणूस 'मी इथलाच, मला काय होणार' असे म्हणून डॉक्टरकडे जातच नाही. तो जास्त दिवस राहतो, घरोघरी जेवतो, आणि काकूने दिलेला पाण्याचा पेला नाकारणे त्याला जड जाते. हिवतापासारख्या रोगाविरुद्धची जी थोडीफार प्रतिकारशक्ती अंगात असते ती वर्षानुवर्षे दूर राहिल्यावर ओसरते. तिकडे जन्मलेल्या मुलांत ती नसतेच.

तारखा ठरवताना

तिकीट काढण्यापूर्वी ऋतू पाहावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लहान मुले व वृद्धांनी तेव्हा येऊच नये. जुलै-ऑगस्टमध्ये दूषित पाणी व डास, दोन्हींचा जोर असतो. पावसाळ्यात व त्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसही आढळतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने तो होतो. डिसेंबर-जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. तेव्हा हुरडाही असतो!

सहा आठवडे आधी

निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे कुटुंबातील सर्वांनी तिकडच्या डॉक्टरांना भेटावे. टायफॉइड व 'अ' प्रकारच्या काविळीची लस विचारावी. मुलांचे गोवराचे डोस पूर्ण आहेत का ते पाहावे. हिवताप टाळण्याच्या गोळ्या हव्यात का, हे कुठे-कुठे फिरणार ते सांगून ठरवावे. गोळ्या दिल्या तर परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्याव्यात, मध्येच सोडू नयेत. तिकडचा आरोग्य विमा भारतात चालतो का, तेही आधीच विचारावे. न चालल्यास प्रवासापुरता वेगळा विमा घ्यावा.

मधुमेह, रक्तदाब यांची औषधे हातातील बॅगेत, चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या सामानखान्यात टाकू नये, तेथे ते गोठून निकामी होण्याची भीती असते. लांबच्या विमानप्रवासात तास-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, म्हणजे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. मुंबईला उतरून लगेच समृद्धी महामार्गाने रात्रभर गाडी हाकणे तर टाळावेच. डोळ्यांवर परदेशातली झोप असते. रेल्वेने वर्ध्याला यावे, किंवा एक रात्र विश्रांती घ्यावी.

यजमानांनी काय करावे?

हा भाग आपला. पिण्याचे पाणी खळखळून उकळू द्यावे, उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवावे व झाकून गार करावे. दात घासायलाही तेच द्यावे. अन्न ताजे व गरम वाढावे. वरण-भात, भाकरी, पिठलं बेलाशक द्या. चिरून ठेवलेली फळे, बर्फ, रस्त्यावरची पाणीपुरी नको. केळी, संत्री घरी सोलून द्या. काही गोड न्यायचे तर आपला गोरसपाक आहेच.

हिवाळ्यात कूलर बंद असतो, पण त्याच्या टाकीत पाणी तसेच साचलेले असते. डेंग्यूचा डास तेथेच वाढतो आणि दिवसा चावतो. टाकी रिकामी करून पुसून काढावी. झोपताना मच्छरदाणी लावावी.

जुलाब लागलेच तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात घोळून घोट-घोट पाजावी. कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस घ्यावी. हळद-मिरचीचे उपाय करू नयेत. 'पाळलेला आहे, काही होत नाही' असे म्हणून थांबू नये.

परतल्यानंतरचा ताप

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे, 'आम्ही भारतात, खेड्यात जाऊन आलो.' टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी उमटतो. हिवताप कधी काही महिन्यांनीही डोके वर काढतो. इथेच ताप आला तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नयेत, रक्त तपासून घ्यावे. तोवर पॅरासिटामॉल चालते. डेंग्यूची शंका असेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र नको.

असो. या डिसेंबरात आमची मंडळी पुन्हा येत आहेत. आई आता ८८ वर्षांची आहे. या वेळी दादांना मी ऑक्टोबरातच फोन केला. लसी झाल्या आहेत. सेवाग्राम, पवनार आणि केळझरचा गणपती असा बेत ठरला आहे. पाणी उकळण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. त्यासाठी एक नवे पातेले आणायला लावले, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असे सुनांना बजावले आहे. नातू जेवायला बसेल तेव्हा तिने न घाबरता त्याला वाढावे, एवढ्यासाठीच ही सारी तयारी.

आपल्याकडेही कुणी येणार असेल तर हे कात्रण त्यांना आजच पाठवा. तिकीट निघाले असले तरी उशीर झालेला नाही.