चला, मुलाबाळांसह जव्हारला!

सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, आणि जमले तर नागपूरची दीक्षाभूमी. आपल्या समाजातील कष्टकरी कुटुंब घराबाहेर पडते ते बहुधा एवढ्यासाठीच. हे प्रवास अभिवादनाचे आहेत आणि ते झालेच पाहिजेत. परंतु निव्वळ हिंडण्यासाठी, मुलांना चार नव्या गोष्टी दाखवण्यासाठी आपण किती वेळा निघतो? सहल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. डहाणू-तलासरीच्या बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे की, आपल्या उशाशी जव्हारसारखे डोंगरावरचे ऐतिहासिक गाव आहे, भोवती गडकिल्ले आहेत. दोन दिवस काढा आणि मुलाबाळांसह जाऊन या. मात्र जाल तेव्हा डोळे उघडे ठेवून जा.

वाटेतला तलवाडा

डहाणूहून जव्हार साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. कासा, तलवाडा, विक्रमगड असा रस्ता आहे. तलासरीकरांनी हमरस्त्याने चारोटीपर्यंत यावे व तेथून कासा गाठावे. तलवाडा आले की मुलांना खिडकीबाहेर पाहायला सांगा. १० ऑक्टोबर १९४५ रोजी येथे जमलेल्या हजारो वारली बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघेही आयुष्यभर सावकाराच्या दारी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी सभा घेऊन ही गुलामी संपवण्याचा निर्धार केला होता. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकिकत लिहून ठेवली आहे. आपल्या विहारातील वाचनालयात ते असावे.

ही कथा आपल्याला परकी नाही. महार वतनाच्या नावाखाली गावकीची फुकट कामे आपल्या आजा-पणजांनी केली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते कोकणातील अशाच राबणाऱ्या कुळांसाठी. पुढे भारतीय संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. तलवाड्याच्या नाक्यावर चहा पिता पिता हे कलम मुलांना समजावून सांगा. शाळेत घोकून पाठ होत नाही ते तेथे एका दमात समजेल.

राजवाडा आणि राजा

जव्हार सुमारे साडेचौदाशे फूट उंचीवर आहे. हवा थंड. हे महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचे संस्थान. मूळ पुरुष जयबा मुकणे. ५ जून १३४३ रोजी दिल्लीच्या सुलतानाने जयबांच्या मुलाला राजा म्हणून मान्यता दिली आणि बावीस किल्ल्यांचा मुलूख त्यांच्या नावे केला. या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला होता. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत सहाशे वर्षे हे घराणे टिकले. आदिवासींना इतिहास नाही असे म्हणणाऱ्यांना जव्हार हे उत्तर आहे.

जयबांबद्दल एक दंतकथा सांगतात. त्यांनी येथील वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. सरदाराने हो म्हटले. मग जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडल्या आणि त्यांनी अख्खा मुलूख वेढून घेतला. गंमत अशी की आफ्रिकेतील प्राचीन कार्थेज नगराच्या राणीबद्दलही हुबेहूब हीच गोष्ट सांगितली जाते. तेव्हा मुलांना विचारा, ही गोष्ट इतिहास म्हणायची का? ऐकले म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा, ही तर तथागतांची शिकवण. पण गोष्टीतले मर्म सोडू नका. मापाच्या चलाखीने जमीन जाते, हे खरे आहे. कातड्याच्या जागी पुढे सावकाराचा कागद आला आणि त्यावर अंगठा आला, एवढाच फरक.

गावाबाहेरचा जयविलास राजवाडा हा यशवंतराव मुकणे राजांनी बांधलेला. दगडी बांधकाम, घुमट, प्रशस्त दालने, सभोवती झाडी. आत सोडतात की नाही याची आधी चौकशी करावी. राजवाडा सुंदर आहे, हे मोकळेपणाने म्हणावे. सौंदर्याचे आपले काही वैर नाही. मात्र हे दगड कोणी फोडले, कोणी वाहिले, याची पाटी कोठेही नसते. ते पाथरवट आणि मजूर आपल्यासारख्याच घरांतले होते, एवढे मुलांच्या कानावर घालावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. संस्थान विलीन झाल्यानंतर हेच यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे निवडून येऊन लोकसभेत बसले. म्हणजे ज्या पाड्यांवर राजाचा शब्द कायदा होता, त्याच पाड्यांवर राजाला मत मागावे लागले. राजाचे एक मत, गवत कापणाऱ्या मजुराचेही एकच मत. हा चमत्कार कोणा देवाने केला नाही, संविधानाने केला.

गडावर जाण्याचा हक्क

जव्हारजवळच शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरत मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला होता, असे येथील लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून झाप गावाजवळचा भूपतगड करावा. बांधकाम फार उरलेले नाही. तटाचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत. पण माथ्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगा पाहून चढण्याचे श्रम विसरायला होते. ज्यांना एवढ्या लांब जमणार नाही त्यांच्यासाठी डहाणू तालुक्यातच गंभीरगड आहे आणि हमरस्त्यालगत अशेरीगड आहे. अशेरीगड पोर्तुगीजांकडे होता. तो १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी घेतला.

गड चढताना मुलांना बाबासाहेबांची एक आठवण जरूर सांगा. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासात सर्वांचे अंग धुळीने माखले होते, म्हणून काही जणांनी दरवाजाबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटवले असा गलका झाला आणि जमाव अंगावर आला. अखेर किल्ल्यातील पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. परदेशात शिकून आलेल्या, गोलमेज परिषदेत बोललेल्या महामानवाला किल्ला पाहताना हे सोसावे लागले.

आज आपली पोरे गडावरच्या टाक्याशी बिनधास्त बसतात, त्यांच्या मागे शिपाई नसतो. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही असे लिहिले आहे. त्या ओळीमागे महाडचे चवदार तळे आहे, आणि दौलताबादचा हौदही आहे. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्यासाठी सहल हा चोचला नव्हे. मिळालेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

पाहण्यासारखे, आणि विसरू नये असे

परतीच्या दिवशी लेंढी नदीवरचा दाभोसा धबधबा पाहावा. सुमारे तीनशे फुटांवरून पाणी कोसळते. खाली उतरून पोहण्याचे धाडस कोणीही करू नये, विशेषतः तरुण पोरांनी.

परंतु केवळ धबधबा पाहून परत फिरू नये. याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव १९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर गाजले. पावसाळ्यात एवढे पाणी कोसळते आणि उन्हाळ्यात येथील आयाबहिणी हंडे घेऊन डोंगर उतरतात. कासा येथे आपण जी सूर्या नदी ओलांडतो, तिच्यावरचे धरण आदिवासी शेतीच्या नावाने बांधले गेले. तिचे पाणी आज नळाने वसई-विरारसारख्या शहरांना जाते. हौदाला हात लावू न देणे हा एक अन्याय, आणि हौदच उचलून नेणे हा दुसरा. मुलांनी दोन्ही ओळखावेत.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एस.टी.ने जाता येते. पाच-सहा कुटुंबांनी मिळून मिनीबस ठरवली तर अधिक सोयीचे. दर महिन्याला भिशीसारखी थोडी रक्कम बाजूला टाकल्यास एकदम बोजा पडत नाही. भाकरी, चटणी, सुकट घरून न्यावी. मुक्कामी स्वयंपाक करायचाच झाला तर तो पुरुषांनी करावा. दोन दिवस तरी घरातील बाईला चुलीपासून सुट्टी मिळू द्या. दारूची बाटली बरोबर नको, पंचशील घरी ठेवून सहलीला जाता येत नाही. पाड्यावर गेल्यास न विचारता कोणाच्या घरात डोकावू नये, फोटो काढू नयेत. वारली चित्र घेतल्यास घासाघीस करू नये. ही कला जगभर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे आपल्या डहाणू तालुक्यातलेच होते, हेही मुलांना सांगावे.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली की हा विषय काढा. कोण येणार, त्यांची नावे वहीत लिहून घ्या आणि तारीख ठरवूनच उठा.

जयभीम! नमो बुद्धाय!