सुरतेस जाणाऱ्या मुलाजवळ कोणता कागद असावा?

नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर येथून ताप्ती मार्गाच्या गाडीत बसलेला तरुण उधन्यास उतरतो आणि बहुधा लिंबायतमध्ये एखाद्या नातलगाच्या खोलीत पथारी टाकतो. तेथे खानदेशी बोली इतकी कानी पडते की, आपण गुजरातेत आहोत याचा नवख्यास विसर पडावा. कामही लवकर मिळते. यंत्रमागांना आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांना माणसे हवीच असतात. मुकादम म्हणतो, ‘उद्यापासून ये’, आणि मुलगा जातो. कारखान्याचे नाव काय, मालक कोण, हे मात्र गावी आईबापांस पुष्कळदा ठाऊक नसते.

पगार नियमित मिळतो तोवर यात कोणास काही वावगे वाटत नाही. मजुरी अडली, किंवा बोट यंत्रात सापडले, म्हणजे मग धावाधाव सुरू होते.

कायदा कामगाराच्या बाजूने नाही असे नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील वेतनसंहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत हाती पडला पाहिजे. कामावरून काढले, किंवा मुलाने स्वतः काम सोडले, तरी राहिलेली रक्कम कामाच्या 2 दिवसांत द्यावयाची असते. मीटरवर मजुरी घेणाराही कामगारच होय. कापडात दोष निघाला म्हणून मजुरी कापावयाची तर आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते; आणि साऱ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. ठेकेदार पैसे बुडवून पसार झाला, तर ती जबाबदारी कारखान्याच्या मालकावर येते.

अडलेल्या मजुरीची मागणी 3 वर्षांपर्यंत करता येते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. पण येथेच गाडे अडते. मालक ‘पैसे दिले’ असे म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच!’ मजुराची मजुरी अडवणे हे देवापुढे आक्रोश करणारे पाप आहे, हे आमच्या वाचकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकले आहे. श्रम अधिकाऱ्यापुढे मात्र त्या पापाचाही पुरावा द्यावा लागतो.

म्हणून नेमणूकपत्र मागावे. नव्या संहितांनी ते देणे मालकास बंधनकारक केले आहे; मागण्यात उद्धटपणा नाही. ते न मिळाल्यास हजेरीकार्ड, फाटकावरचा पास, मीटरच्या हिशेबाची चिठ्ठी, बँकेचे पासबुक यांपैकी जे हाती येईल त्याचे छायाचित्र मोबाईलवर काढून घरी पाठवावे. एका साध्या वहीत रोजची तारीख, पाळी व मीटर लिहावेत.

जेथे 10 वा अधिक कामगार आहेत तेथे राज्य विम्याची चौकशी अवश्य करावी. त्यासाठी पगारातून 0.75 टक्के कापले जातात व मालक 3.25 टक्के भरतो. अपघातात कर्ता मुलगा गेला, तर त्याच्या आश्रितांना याच विम्यातून दरमहा रक्कम मिळू शकते. पैसे कापले जातात आणि विमा क्रमांक मात्र दिलेला नाही, असे असेल तर तो ताबडतोब मागावा.

दिवाळीत मुलगा घरी आला म्हणजे त्याने आणलेल्या कपड्यांच्या आधी त्याची ती वही पाहावी, आणि कारखान्याचे नाव, पत्ता व मुकादमाचा फोन क्रमांक घरातील कोणीतरी उतरवून घ्यावा.